सात नंबरचा बोअर

मी जमिनीखालची चित्रं काढतो. काय काम करता असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. डोंगराच्या पोटात कातळ कुठवर आहे, माती कुठं लागते, पाणी कुठं साठलंय, हे कॉम्प्युटरवर रंगांत दाखवायचं. त्यावरून बोगदा कुठून न्यायचा आणि कुठं जपून खोदायचं ते ठरतं. पलूसच्या काळ्या रानात मी वाढलो. सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला नाव घातलं तेव्हा वडील म्हणाले होते, "माती शिकायला कालेज कशाला? रानात ये की." मला रानात जायचं नव्हतं. मला एसीत बसायचं होतं, आणि साताऱ्यातल्या एका कंपनीनं मला तिथं बसवलं.

मेढ्याकडच्या एका डोंगरातून रस्त्याचा बोगदा जायचा होता. आमच्याकडं जमिनीच्या तपासणीचं काम होतं. डोंगराच्या अंगावर ठरावीक अंतरानं, मशीनला पाणी सोडत, बोअर मारायचे, आतून निघालेले दगडाचे गोल तुकडे लाकडी पेटीत ओळीनं लावायचे, किती खोलीवर काय लागलं ते वहीत लिहायचं. ती वही मी कॉम्प्युटरमध्ये भरायची. दोन बोअरच्या मधे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. तिथं सॉफ्टवेअर इकडचा थर तिकडच्या थराला जोडतं आणि मधली जागा आपल्या अंदाजानं रंगवतं. चित्र इतकं देखणं दिसतं की तो अंदाज आहे हे बघणारा विसरतो. काढणाराही विसरतो.

बोअरच्या मशीनवर एक हवालदार होते. फौजेत, इंजिनियरांच्या पलटणीत त्यांनी वीस वर्षं काढली होती. औंधजवळच्या एका गावचे. साठी उलटलेली, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला फौजेतला स्वेटर. मी सांगलीकडचा म्हणून ते मला 'पाव्हणं' म्हणायचे. वही ते स्वतःच लिहायचे, मराठीत, लष्करी शिस्तीनं. त्यांच्या हाताखाली त्यांचा जावईच कामाला होता. एकुलती एक लेक मेढ्याकडच्या गावात दिलेली. जावई पस्तिशीचा, दोन म्हशी आणि थोडी भातशेती असलेला, अबोल माणूस. सासऱ्याला 'मामा' म्हणायचा. दोघं दिवसभर एकाच मशीनला असायचे आणि दिवसभरात दहा शब्द बोलायचे नाहीत, पण दुपारची भाकरी एकाच फडक्यातून खायचे.

सात नंबरच्या बोअरच्या वेळी हवालदारांचा फोन आला. मी ऑफिसात होतो.

"पाव्हणं, जरा येऊन जावा. सातमधी रॉड आपसूक खाली गेला. पाणी पळतंय. आत लाल माती हाय, पण पेटीत काय घावंना, पाण्यासंगं धुऊन जातीय."

"उद्या येतो," मी म्हणालो.

"मशीन थांबवू का? शेजारी दुसरा बोअर घिऊ, बिनपाण्याचा. मंजी माती हातात यील."

"थांबवू नका. वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तो आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या गाडीतून, कारण बोगद्याचे मालक लोक पाहणीला येणार होते. पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. काळे, करडे, गुळगुळीत दगड. सातव्या पेटीत अठरा ते तेवीस मीटरची जागा रिकामी होती. तिथं हवालदारांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लाल मातीचा एक गोळा ठेवला होता. तेवढाच हाती लागला होता.

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "हे काय आहे? तू इथं नव्हतास?"

मालक लोक बघत होते. मी इथं नव्हतो हे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी हवालदारांकडं वळलो.

"हवालदार, झोपला होता का?"

"न्हाई."

"मग पाच मीटर माती गेली कुठं? खाल्ली?"

मोठे साहेब हसले. ते हसले म्हणून मालक हसले, मालक हसले म्हणून मशीनवरची माणसं हसली. जावईसुद्धा हसला. खाली बघून, पण हसला. मला ते दिसलं आणि बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

हवालदार म्हणाले, "व्हय, खाल्ली. दाताखाली धरून बघितली. रेती न्हाई. निव्वळ चिकण, लोण्यावानी. पाणी लागलं की ही जाग्यावर ऱ्हाणार न्हाई." त्यांनी पिशवी सोडून माझ्यापुढं धरली. "तुमीबी बघा."

मातीत बारीक वाळू आहे की नुसती चिकण आहे, हे दाताखाली धरून ओळखतात. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी कितीदा केलं होतं. त्या दिवशी मी म्हणालो, "तुम्हीच खा. तुम्हाला आवडलेली दिसतीय."

परत हशा झाला. हवालदारांनी पिशवीला पुन्हा गाठ मारली, पेटीत ठेवली आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले, सावधान केल्यासारखे. गाडीत बसता बसता मोठे साहेब म्हणाले, "या माणसाला उद्यापासून मशीनवर नको." कामावरून काढल्याचं पत्र मी लिहिलं. ते घेऊन जायला जावयालाच पाठवलं. दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

ऑफिसात मी चित्र जोडायला बसलो. सात नंबर घातला की चित्र बिघडायचं. सहा आणि आठमध्ये सगळा कातळ, आणि मधे सातला लाल खड्डा. त्यात आम्ही जमिनीत वीज सोडून केलेली तपासणी होती. दगडातून वीज नीट जात नाही, ओल्या मातीतून जाते. त्या नकाशातही सातच्या खाली एक निळा डाग होता. मला तो दिसत होता. मी तो दोनदा मोठा करून बघितला.

मोठे साहेब मागं येऊन उभे राहिले. "तो सातचा लॉग, ती वहीतली नोंद, धरू नको. नमुनाच नाही तर धरायचा कशावर?"

"आणि हा निळा डाग?"

"जरा गुळगुळीत कर."

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक पट्टी असते. ती सरकवली की उंचवटे-खड्डे आजूबाजूच्यांत मिसळून जातात. मी ती सरकवली. निळा फिका झाला, मग हिरवा, मग बाकीच्यासारखा. सात नंबरपुढची बरोबरची खूण काढून टाकली, म्हणजे तो बोअर चित्रात धरलाच जात नाही. सहापासून आठपर्यंत काळा कातळ सलग झाला. मालक लोकांसमोर पडद्यावर मी डोंगर फिरवून दाखवला, कापून दाखवला, आतून बाहेरून दाखवला. त्यांनी माझं कौतुक केलं. हवालदारांची वही मी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात टाकली.

पुढं खोदाई सुरू झाली. हवालदार गावी जाऊन बसले होते. जावयानं मात्र बोगदा खोदणाऱ्या ठेकेदाराकडं नोकरी धरली. घराजवळ काम मिळतंय, एवढाच त्याचा हिशेब. एके दिवशी हवालदारांचा मला फोन आला. पत्र गेल्यापासूनचा पहिलाच.

"सातच्या खाली आला का बोगदा?"

"येईल पंधरा दिवसांत."

"तिथं हळू घ्यायला सांगा. आदी बारीक भोक पाडून बघायचं, मग फुडं जायचं. जावई आत हाय."

"त्यालाच सांगा की."

"सांगितलं. तो म्हणतो, मामा, साहेबांच्या चित्रात तिथं कातळ हाय."

"बघतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला. बघायचं म्हणजे ठेकेदाराला सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे माझं चित्र चुकलंय असं म्हणायचं. मी काहीच केलं नाही.

बोगदा सातच्या खाली पोचला त्या दिवशी सकाळची अकराची वेळ असेल. आत पाच माणसं होती. आधी छतातून लालसर पाणी गळायला लागलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं, झरा असेल. मग वरून माती आली. दगड नाही, माती, भिजलेली, जड, आवाज न करता. चौघं पळाले. जावई मशीन बंद करायला वळला होता.

त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस हवालदार बोगद्याच्या तोंडाशी उभे होते. लेक जमिनीवर बसून होती. मी अधिकाऱ्यांच्या घोळक्यात होतो, काखेत लॅपटॉप. कुणी काही विचारलं तर उघडून चित्र दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आलेल्या गाड्यावर माती होती, लालभडक. हवालदारांनी ती बोटांत घेतली, चोळली आणि माझ्याकडं बघितलं.

मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अहवालात कारण लिहावं लागेल. सातचा लॉग त्या म्हाताऱ्याचाच ना?"

वाक्य मी लिहिलं. माझ्याच हातानं, कुणी सांगून उतरवून घेतलेलं नाही: 'बोअर क्रमांक सातमध्ये मशीनचालकाच्या निष्काळजीपणामुळे नमुना मिळाला नाही, त्यामुळे मऊ थराची माहिती उपलब्ध होऊ शकली नाही.' मोठ्या साहेबांनी त्यात एक स्वल्पविराम घातला. अहवालाला माझं रंगीत चित्र जोडलं. एक प्रत मयताच्या घरी गेली, सरकारी कामाला लागते म्हणून.

तेराव्याला कंपनीच्या वतीनं मला पाठवलं. अंगणात मांडव होता. मला खुर्ची दिली, बाकीचे सतरंजीवर होते. घरातून चहा आला. तेवढ्यात हवालदार आले, बायकोला घेऊन, हातात लेकीसाठी आणलेलं लुगडं. लेक उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या हातात अहवाल होता. ती बारावीपर्यंत शिकलेली होती, तिनं तो सगळा वाचला होता.

"आण्णा, सात नंबर तुमचा हुता का?"

"माझा."

"माती तुमच्या हातनं गेली?"

"गेली. पन मी वहीत लिवलं हुतं, बाई. लाल माती म्हणून लिवलं हुतं."

"कुठं लिवलंय? ह्यात दावा."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. ते माझ्याकडं बघत होते. सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता आणि ते माझ्याकडं. मी खुर्चीत होतो, त्यांच्यापासून चार हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा पीत राहिलो. कप रिकामा झाला तरी तोंडाला लावलेला ठेवला.

"माझ्या कुकवाला तुमी कामावर न्हेलं, अन् तुमीच मारलं," ती म्हणाली. "ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नका. आईनंबी लावायचा न्हाई."

हवालदारांनी बायकोला हाताला धरून मांडवाबाहेर नेलं. लुगडं मांडवातच राहिलं.

त्यानंतर तीन वर्षं माझं चांगलं चाललं. पगार वाढला, हुद्दा वाढला, लग्न झालं. अजून दोन बोगद्यांची चित्रं काढली. त्या मशीनवरचा एक माणूस एकदा साताऱ्यात स्टँडवर भेटला. म्हणाला, हवालदारांची बायको गेली, लेक मातीलाही आली नाही. मी 'अरेरे' म्हणालो आणि त्याला चहा पाजला. त्यानंतरच्या रविवारी मी खालच्या खणातून वही काढली. का काढली हे मला नीट सांगता येत नाही. पश्चात्ताप म्हणावं तर तीन वर्षं तो कुठं होता? पलूसला घरी आलो होतो, तिथून गाडी काढली आणि विट्यावरून औंधला गेलो.

हवालदार दारात ज्वारी पाखडत होते. सूप बाजूला ठेवलं.

"या साहेब."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. निळा डाग, पट्टी, सातची काढलेली खूण, अहवालातलं वाक्य. ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला ठावं हाय."

"मग तुम्ही कुठं तक्रार का नाही केली?"

"केली. दोन अर्ज केले. त्यांनी तुमचंच चित्र काडून दावलं. म्हणाले, ह्यात सातची नोंदच न्हाई, तुमी लिवलेली वही कुठं हाय?"

मी वही पुढं केली. त्यांनी हात लावला नाही.

"ही तिला न्या. मी तिच्या दारात जात न्हाई, तिनं घातलेली शपथ हाय." मग म्हणाले, "बसा." मी बसलो. "हिला शेवटाला बोलता येत न्हवतं. लेकीचं नाव तेवढं तोंडात हुतं. मी फोन लावला. तिनं उचलला न्हाई. परत लावला. हिच्या कानाला फोन धरला, ती वाजणारी घंटी ऐकत ऱ्हायली. घंटी थांबायच्या आदीच गेली."

मी मान खाली घातली.

"वर बघा," ते म्हणाले. "हे तुमाला सांगायचं हुतं म्हणून बसवलं. आता जावा."

लेक मेढ्यात कपडे शिवायची. रस्त्याच्या कडेला पत्र्याचा गाळा, त्यात एक मशीन. मला तिनं लगेच ओळखलं. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि पान काढून दिलं. बापाचं अक्षर तिनं बोट ठेवत वाचलं. 'अठरा ते तेवीस. लाल माती. पाणी पळाले. चिकण आहे. साहेबांना फोन केला. बोगद्यास धोका.' खाली सही, तारीख, वेळ.

"ही वही कुठं हुती?"

"माझ्याकडं."

"कवापासनं?"

"आधीपासनं."

मग मी सगळं सांगितलं, पट्टी, सातची काढलेली खूण, हवालदारांकडं जाऊन आलो तेही. तिनं कात्री उचलली, बाजूला ठेवली. पुन्हा उचलली आणि एका कापडाचे दोरे कापत बसली. बराच वेळ तेच केलं.

"तेराव्याला तुमी खुर्चीवर बसला हुता," ती म्हणाली. "चा मीच भरून पाठवला हुता. कंपनीचं मानूस हाय, दूध जास्त घाला म्हणाले मी."

मी गाळ्याबाहेरच्या रस्त्याकडं बघितलं.

"माझी आई मेली. मी हितंच बसले हुते. फोन वाजला तवा ह्याच मशीनवर बसले हुते. आण्णांचं नाव दिसलं म्हणून पालथा घातला." तिनं गल्ल्यातल्या मापांच्या वहीचा कागद फाडून माझ्यापुढं सरकवला. "आता जे बोलला ते ल्ह्या. सही करा."

मी थांबलो. नोकरी, घर, बायकोला लागलेला सहावा महिना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिला ते दिसलं असावं.

"नसंल जमत तर वही घिऊन जावा," ती म्हणाली. "पन मग माज्या बापाकडं जाऊन बरं वाटून घ्यायला नको हुतं."

मी लिहिलं. तिनं वाचलं आणि एका ओळीवर नख ठेवलं. "ह्यात 'सात नंबरची नोंद राहून गेली' असं लिवलंय. राहून न्हाई गेली. काडली."

मी तो कागद फाडला, दुसऱ्यावर परत लिहिलं. 'मी काढली.' सही केली. तिनं घडी घालून वहीत ठेवला आणि मशीन सुरू केली. जा, असंसुद्धा म्हणाली नाही.

वही आणि कागद तिनं साताऱ्याच्या सरकारी ऑफिसात दिले. मला बोलावणं आलं, मी जबाब दिला. मोठे साहेब पलीकडच्या बाकावर बसले होते, त्यांनी आपल्याला काही आठवत नाही असं सांगितलं. कंपनीनं मला राजीनामा द्यायला लावला. प्रकरण अजून चालू आहे. मी सध्या दुसऱ्या एका कंपनीत हेच काम करतो. दुसरं मला येत नाही.

मागच्या तारखेला लेक आली होती. एकटीच. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो म्हणून मी विचारलं, आण्णांकडं गेला होतात का?

"गेले हुते."

"काय म्हणाले?"

तिनं पिशवीतले कागद नीट केले.

"दार उघडलं. आत घेतलं. दोन दिस ऱ्हायले, भाकरी केली, त्यांनी खाल्ली. बोलले काय न्हाईत. मग मीच म्हणाले, आण्णा, माजं चुकलं, माफ करा. तवा भितीवर आईचा फोटो हाय, तिकडं हात केला, अन् म्हणाले, मला नको, तिला सांग."

"मग?"

"मग काय. सांगितलं."

आतून आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला. ती उठली आणि माझी वाट न बघता आत गेली.